जोडमूळ संख्या कधी संपतात का?

रानजाई | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, स्कॉलरशिपची तयारी चालू आहे. १ ते १०० मधल्या २५ मूळ संख्या तिच्या पाठ आहेत आणि जोडमूळच्या, म्हणजे २ चा फरक असलेल्या मूळ संख्यांच्या, आठ जोड्याही पाठ आहेत, ३-५, ५-७, ११-१३, १७-१९, २९-३१, ४१-४३, ५९-६१, ७१-७३. परीक्षेला एवढंच लागतं. पण मागच्या आठवड्यात तिने विचारलं की शंभरच्या पुढे किती आहेत, मी म्हटलं मोज की, आणि ती खरंच बसली मोजायला. रोज जेवण झालं की चौकटीची वही काढायची, शंभर संख्या लिहायच्या, २ च्या पटी काट, ३ च्या काट, ५, ७, ११ असं करत करत उरलेल्यांना गोल करायचं आणि दोनच्या फरकाने शेजारी आल्या की लाल पेनने जोडायचं.

काल ६५९-६६१ झाली. आज ७०० चं पान केलं. ७०१, ७०९, ७१९, ७२७, ७३३ असं करत ७९७ पर्यंत आली, अख्ख्या पानावर एकही लाल रेघ नाही. वही घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आली, चेहरा एवढासा झालेला, म्हणाली, आई संपल्या.

मी म्हटलं थांब, उद्या पुढचं पान करू. पण मलाच माहीत नाहीये हो. मूळ संख्या कधी संपत नाहीत हे कुठेतरी वाचलेलं आठवतं, पण या जोड्यांचं काय? त्या कुठेतरी थांबतात का कायम चालूच राहतात? मी कॉमर्सची, त्यामुळे जरा सोपं करून सांगा, म्हणजे मला तिला सांगता येईल.

वहीचं_पान | सोमवार, रात्री ११:०५

ताई, ८०० च्या पानावर पाच आहेत. कोणत्या ते मुद्दाम लिहीत नाही, तिलाच सापडू देत. तुम्हीही सांगू नका प्लीज.

शून्यशोधक | सोमवार, रात्री ११:३८

रानजाई, तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर आज जगात कोणाकडेच नाही, हे तिला आधी सांगा. अगदी याच शब्दांत सांगा, कारण पाचवीतल्या मुलीला वाटतं की गणितात सगळं कोणीतरी आधीच सोडवून ठेवलंय आणि आपण फक्त मागचं उत्तर जुळवायचं.

मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने साधारण २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केलं. युक्ती साधी आहे. समजा मूळ संख्या मोजक्याच आहेत, तर त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि १ मिळवा. आता या नव्या संख्येला तुमच्या यादीतल्या कुठल्याही मूळ संख्येने भागलं तर बाकी १ च उरणार, म्हणजे हिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरची असली पाहिजे, म्हणजेच यादी अपुरी होती. झालं, एवढंच.

जोडमूळचं मात्र असं काही कोणाला जमलेलं नाही. १८४९ मध्ये द पोलिन्याक नावाच्या फ्रेंच माणसाने लिहून ठेवलं की २ च काय, कुठलाही सम फरक घ्या, तेवढ्या फरकाच्या लागोपाठच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत असणार. सिद्धता दिली नाही, अटकळ म्हणून मांडलं. १९०० साली जर्मन गणिती हिल्बर्टने नव्या शतकासाठी प्रश्नांची जी यादी दिली तिच्या आठव्या प्रश्नात हा येतो, १९१२ मध्ये केंब्रिजच्या गणित परिषदेत लांडाऊ या जर्मन गणितीने मूळ संख्यांचे चार प्रश्न मांडले की ज्यांना आजच्या ज्ञानाने हातच घालता येत नाही, त्यातही हा आहे. ते चारही अजून तसेच आहेत.

सगळ्यांचा विश्वास असा की जोड्या संपत नाहीत. सिद्धता नाही.

पाऊसपाणी | मंगळवार, सकाळी ७:५०

मुलीला एक गंमत करून दाखवा, ताई. वहीत शंभराचं पान करण्याऐवजी एका ओळीत सहाच संख्या लिहायला सांगा. पहिल्या ओळीत १ ते ६, दुसरीत ७ ते १२, तिसरीत १३ ते १८, असं खाली खाली. मग दुसरा, चौथा आणि सहावा रकाना सम संख्यांचा, तिथे २ सोडून कोणी नाही. तिसरा रकाना ३ च्या पाढ्याचा, तिथे ३ सोडून कोणी नाही. म्हणजे पहिली ओळ संपली की उरलेल्या जगातल्या सगळ्या मूळ संख्या फक्त पहिल्या आणि पाचव्या रकान्यात येणार. आणि जोडी कुठे होणार? पाचव्या रकान्यातली एक आणि खालच्या ओळीतली पहिली, मध्ये सहाव्या रकान्यातली संख्या. ११, १२, १३. १७, १८, १९. २९, ३०, ३१. म्हणजे ३-५ ही एक सोडली तर प्रत्येक जोडीच्या मधोमध ६ च्या पाढ्यातलीच संख्या बसलेली असते. मी आमच्या पुतण्याला हे दाखवलं तेव्हा तो पंधरा मिनिटं नुसता ते रकाने बघत होता.

आणि तीन एकत्र, म्हणजे ३-५-७ सारख्या, परत कधीच येत नाहीत, कारण दोन-दोनच्या फरकाच्या तीन संख्यांत एक ३ ने भागली जातेच.

खडूफळा | मंगळवार, दुपारी १:२०

मी ३२ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. धागा वाचून फार बरं वाटलं म्हणून लिहितो आहे. मला असं वाटतं की युक्लिडचीच युक्ती थोडी पुढे नेली तर उत्तर मिळतं, कृपया तपासून सांगावं.

युक्लिड गुणाकारात १ मिळवतो. आपण १ मिळवू आणि १ वजाही करू. २×३ = ६, त्याच्या दोन्ही बाजूंना ५ आणि ७, जोडी झाली. २×३×५ = ३०, दोन्ही बाजूंना २९ आणि ३१, जोडी झाली. पहिल्या कितीही मूळ संख्यांचा गुणाकार घेतला तरी त्याच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या त्यातल्या कोणानेच भागली जाणार नाही, म्हणजे दोन्ही मूळ आणि त्यांच्यात फरक २. गुणाकार हवा तेवढा मोठा करता येतो, म्हणून जोड्या अनंत. यात चूक कुठे आहे ते मला दिसत नाही.

शून्यशोधक | मंगळवार, दुपारी २:१५

सर, नमस्कार. तुम्ही दोन गुणाकार केलेत, तिसरा करून बघा. २×३×५×७ = २१०. पलीकडची २११ मूळ आहे. अलीकडची २०९ आहे, ती ११×१९.

अडचण अशी की २०९ ला २, ३, ५, ७ भागत नाहीत हे तुमचं बरोबरच आहे, पण त्यामुळे ती मूळ आहे असं होत नाही, तिला भागणारी मूळ संख्या ७ पेक्षा मोठी आहे एवढंच ठरतं. युक्लिडला तेवढंच पुरतं. त्याला फक्त एक नवीन मूळ संख्या पाहिजे होती, ११ मिळाली काय आणि १९ मिळाली काय, त्याचं काम झालं. जोडीसाठी मात्र ते पुरत नाही, तिथे अलीकडची आणि पलीकडची दोन्ही स्वतःच मूळ असाव्या लागतात.

गंमत म्हणजे पुढचा गुणाकार २३१० आहे आणि तिथे २३०९ आणि २३११ दोन्ही मूळ निघतात! त्यापुढे ३००३०, तिथे ३००२९ मूळ आहे पण ३००३१ म्हणजे ५९×५०९. कधी जमतं कधी नाही.

खडूफळा | मंगळवार, दुपारी ४:४८

२०९ कागदावर करून पाहिलं. ११×१९, अगदी बरोबर. वयाच्या या टप्प्यावर आपली चूक इतक्या नीट समजावून सांगणारं कोणी भेटलं याचा मला मनापासून आनंद आहे. मी वर्गात युक्लिडची सिद्धता इतकी वर्षं शिकवली, पण तिला नेमकं किती थोडं पुरतं हे आज लक्षात आलं.

आमच्या देवळालीचे द. रा. कापरेकर शाळेतच शिक्षक होते आणि ६१७४ ची त्यांची संख्या आज जगभर माहीत आहे, त्यामुळे शाळामास्तराने संख्यांशी झटणं सोडू नये असं मला वाटत आलंय. आता मला सांगा, ही युक्ती चालत नाही तर मोठी माणसं कोणत्या वाटेने गेली?

दूरदेशी | मंगळवार, रात्री ९:३०

सर, ती वाट रानजाईंच्या मुलीचीच आहे. चाळणी. ती जे वहीत करतेय, २ च्या पटी काट, ३ च्या काट, हीच एराटोस्थेनिसची चाळणी, आणि विसाव्या शतकात व्हिगो ब्रून नावाच्या नॉर्वेजियन माणसाने तीच घेऊन या प्रश्नाला पहिल्यांदा खरा हात घातला.

त्याने काय केलं बघा. सगळ्या मूळ संख्यांचे गुणाकार व्यस्त घ्या, १/२ + १/३ + १/५ + १/७ असं मिळवत जा, तर ही बेरीज कुठेच थांबत नाही, हळूहळू का होईना हवी तेवढी मोठी होते, हे ऑयलरने १७३७ मध्ये दाखवलं होतं. आता फक्त जोडमूळ घ्या, (१/३+१/५) + (१/५+१/७) + (१/११+१/१३) असं. ही बेरीज जर बेसुमार वाढत गेली असती तर जोड्या अनंत हे तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं, कारण मोजक्या अपूर्णांकांची बेरीज बेसुमार होऊच शकत नाही. ब्रूनने १९१९ मध्ये सिद्ध केलं की ही बेरीज थांबते. शंभरपर्यंतच्या आठ जोड्या घेतल्या तर १.३३१ होते, हजारपर्यंत १.५१८, दहा लाखापर्यंत १.७११, आणि शेवटी साधारण १.९०२ ला टेकावी असा हिशेब आहे. म्हणजे जोड्या मूळ संख्यांच्या मानाने फार विरळ आहेत एवढं कळलं, पण संपतात की नाही ते तिथेच राहिलं.

या बेरजेचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९४ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे प्राध्यापक थॉमस नाइसली हीच बेरीज जास्तीत जास्त अचूक काढत होते. बरीच कॉम्प्युटरं लावलेली, त्यात एक नवीन पेंटियम चिपवालं घातलं आणि आकडे जुळेनात. त्यांनी महिनोन् महिने आपलाच प्रोग्राम तपासला, मग कंपायलर तपासला, मग मदरबोर्ड, आणि शेवटी ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडमूळ जोडीशी येऊन थांबले. १ भागिले पहिली संख्या, हे उत्तरच चिप चुकीचं देत होती. चिपमध्ये भागाकारासाठी एक कोष्टक कोरलेलं होतं, त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये त्यांनी हे जाहीर कळवलं आणि पुढे इंटेलला चिपा बदलून देण्यापायी ४७ कोटी ५० लाख डॉलरचा खर्च हिशेबात दाखवावा लागला. एक माणूस शांतपणे जोडमूळ संख्यांचे व्यस्त मिळवत बसला होता म्हणून हे सापडलं. मला हा किस्सा फार आवडतो, कारण सगळ्यात आधी त्याने स्वतःवरच संशय घेतला.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:१२

धागा वाचून राहवलं नाही, ड्यूटी संपायच्या आत लॅपटॉपवर चाळणी लिहून चालवली. आकडे देतो.

१००० पर्यंत ३५ जोड्या. १०,००० पर्यंत २०५. एक लाखापर्यंत १,२२४. दहा लाखापर्यंत ८,१६९. एक कोटीपर्यंत ५८,९८०. दहा कोटीपर्यंत ४,४०,३१२.

विरळ होत जातात हे दिसतंय पण थांबायचं नाव नाही. आता खरी गोष्ट पुढे आहे. हार्डी आणि लिटलवूड या इंग्रज गणितींनी १९२३ मध्ये एक सूत्र छापलं की अमुक संख्येपर्यंत साधारण किती जोड्या असतील. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. दहा कोटीपर्यंत त्यांचं सूत्र देतं ४,४०,३६८. खऱ्या मोजणीत ४,४०,३१२. साडेचार लाखाच्या आसपासच्या आकड्यात ५६ चा फरक! मी पहाटे तीन वाजता एकटाच कंट्रोल रूममध्ये ते दोन आकडे एकाखाली एक बघत बसलो होतो.

सूत्रामागचा विचार सोपा आहे. एखाद्या मोठ्या संख्येच्या आसपास दर किती संख्यांमागे एक मूळ येते ते त्या संख्येचा नॅचरल लॉग (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) सांगतो. एक कोटीजवळ साधारण दर १६ मध्ये एक. मग दोन फरकाच्या दोन्ही जागा मूळ असण्याची शक्यता १६ गुणिले १६ मध्ये एक, असं ढोबळ धरा. पण दोन्ही जागा अगदी स्वतंत्र नाहीत ना, पहिली विषम असेल तर दुसरी आपोआप विषम, म्हणून दुप्पट करा. ३ च्या बाबतीत मात्र उलटं, पहिलीने ३ चुकवला तर दुसरीला चुकवायला निम्मीच संधी उरते, एरवी दोन तृतीयांश असती, म्हणून ३/४ ने गुणा. ५ साठी १५/१६, ७ साठी ३५/३६, असं करत सगळ्या मूळ संख्यांपर्यंत गेलं की १.३२ येतो. तो लावला की एक कोटीजवळ साधारण दर १९७ संख्यांमागे एक जोडी पडते. सांगायचा मुद्दा, हे सगळं शक्यतेवर चाललंय. संख्या काही फासे टाकत नाहीत, त्यामुळे याला सिद्धता म्हणता येत नाही.

वहीचं_पान | बुधवार, सकाळी १०:०३

इतकं तंतोतंत जुळतंय तर अजून काय पाहिजे? मला खरंच समजत नाही. दहा कोटीपर्यंत मोजलं, ट्रिलियनपर्यंत मोजलं, लोकांनी कितीतरी लांब अंकांच्या जोड्या शोधल्यात, मग मान्य करायला काय हरकत आहे?

शून्यशोधक | बुधवार, सकाळी ११:४०

हरकत ही की मोजणी कितीही लांब गेली तरी ती मोजकीच. २०१६ मध्ये प्राइमग्रिड या मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पात ३,८८,३४२ अंकी जोडी सापडली, लिहायची म्हटली तर जाड पुस्तक भरेल, आणि तरी तिच्या पुढचं अनंत शिल्लकच आहे. तुम्ही कुठेही उभे राहा, समोरचं कायम मागच्यापेक्षा जास्त.

आणि रिकाम्या जागेचंही तसंच. रानजाईंच्या मुलीला ७०० चं पान रिकामं मिळालं. तिला सांगा, हवी तेवढी मोठी रिकामी जागा आपण स्वतः बनवू शकतो. १ पासून १०१ पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा, त्यात २ मिळवा, मग ३ मिळवा, असं १०१ पर्यंत. या ओळीने १०० संख्या झाल्या आणि त्यात एकही मूळ नाही, कारण पहिलीला २ भागतो, दुसरीला ३, असं शेवटपर्यंत. म्हणजे जोडी तर सोडाच, सलग शंभरात एक मूळ संख्याही नाही, आणि तरीही मूळ संख्या अनंत आहेतच. रिकामं पान म्हणजे शेवट असं कधीच म्हणता येत नाही.

खडूफळा | बुधवार, दुपारी १२:३०

चाळणीने काम का होत नाही हे कोणी सांगेल का? ब्रूननंतर शंभर वर्षं झाली.

दूरदेशी | बुधवार, रात्री १०:१५

सर, याला गणितात पॅरिटीची अडचण म्हणतात, आपण सम-विषमाची म्हणू. हे ॲटले सेल्बर्ग या गणितीने दाखवून दिलं. चाळणी ही मोठ्या प्रमाणावर मोजायचं हत्यार आहे, आणि तिला एक गोष्ट अजिबात दिसत नाही, ती म्हणजे उरलेल्या संख्येचे मूळ अवयव मोजले तर ते सम भरतात की विषम. एक मूळ अवयव असलेली संख्या (म्हणजे स्वतः मूळ) आणि दोन मूळ अवयव असलेली संख्या (म्हणजे २०९ सारखी, ११×१९) या चाळणीच्या नजरेला सारख्याच. तुमच्या गुणाकाराच्या युक्तीत जी २०९ आडवी आली ना, तीच सगळ्यांना आडवी येते.

चीनच्या चेन जिंगरुन यांनी चाळणी जिथवर नेता येते तिथवर नेली. १९६६ मध्ये जाहीर केलं, पूर्ण सिद्धता १९७३ मध्ये छापली, मधला काळ सांस्कृतिक क्रांतीचा, बीजिंगमधल्या सहा चौरस मीटरच्या खोलीत बसून. त्यांनी सिद्ध केलं की अशा मूळ संख्या अनंत आहेत की ज्यांच्यात २ मिळवले तर एकतर मूळ संख्या येते किंवा दोनच मूळ संख्यांचा गुणाकार येतो. ११ ची १३ होते, मूळ. १३ ची १५ होते, ३×५. १९ ची २१ होते, ३×७. या दोन्ही प्रकारच्या मिळून अनंत हे नक्की, पण त्यातल्या पहिल्या प्रकारच्या अनंत का, ते चाळणी सांगत नाही. इतक्या जवळ येऊन.

पाऊसपाणी | गुरुवार, सकाळी ८:२०

यीतांग झांगचं कोणीच कसं लिहिलं नाही? मी लिहिते, मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

शांघायमध्ये १९५५ चा जन्म. सांस्कृतिक क्रांतीत शाळा सुटली, शेतावर काम केलं. पुढे शिकून अमेरिकेत परड्यू विद्यापीठातून १९९१ मध्ये पीएचडी केली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं विद्यापीठात नोकरीच मिळाली नाही. सबवे सँडविचच्या दुकानात हिशेब वगैरे बघायचे. १९९९ पासून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवायला लागले, तेही लेक्चरर म्हणून. शोधनिबंध जवळजवळ नाहीतच. आणि हा माणूस रोज एकटा चालत चालत याच प्रश्नाचा विचार करत होता.

२००५ मध्ये गोल्डस्टन, पिंट्झ आणि यिल्दिरिम या तिघांनी जवळजवळच्या मूळ संख्या शोधायची एक पद्धत काढली होती, ती अगदी केसभर अंतरावर अडकलेली. झांगने तिथून पुढे जायचं ठरवलं. ३ जुलै २०१२ ला कोलोरॅडोमध्ये मित्राकडे गेले होते, मागच्या अंगणात हरणं येतात म्हणून बघायला बाहेर पडले, हरणं काही आली नाहीत, पण तिथे फिरताना अडलेली जागा कशी सोडवायची ते सुचलं. १७ एप्रिल २०१३ ला निबंध ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स या नावाजलेल्या गणिती नियतकालिकाला पाठवला. मे महिन्यात तो स्वीकारलासुद्धा, एरवी तिथे वर्षं जातात. निबंधात काय होतं, तर ७ कोटींपेक्षा कमी फरकाच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत.

७ कोटी आणि २ मध्ये केवढा फरक असं वाटेल, पण त्याआधी कुठलाच ठरावीक आकडा कोणाकडे नव्हता. मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, तरीही ७ कोटींच्या आत शेजारी भेटणारी जोडी कायम येत राहते, हे पहिल्यांदा कळलं. वयाच्या पन्नाशीनंतर, कोणी विचारत नसताना. मी अडचणीत असते तेव्हा मला हा माणूस आठवतो.

रात्रपाळी | गुरुवार, संध्याकाळी ६:४०

पाऊसपाणी, छान लिहिलंत. पुढचं मी जोडतो. झांगनंतर टेरेन्स टाओ या नामवंत गणितीने पॉलिमॅथ नावाचा प्रकल्प ऑनलाइन उघडला, कोणीही या आणि हातभार लावा. त्या उन्हाळ्यात आकडा ७ कोटींवरून ४,६८० पर्यंत आला, लोक रोज उठून बघायचे आज किती झालाय. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेम्स मेनार्डने अगदी वेगळ्या रस्त्याने ६०० वर आणला, टाओलाही स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली होती. २०१४ मध्ये सगळ्यांनी मिळून २४६ केला. मेनार्डला २०२२ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सगळ्यात मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळालं.

वहीचं_पान | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

म्हणजे बरोबर २४६ फरक असलेल्या जोड्या अनंत आहेत हे सिद्ध झालंय, असंच ना?

शून्यशोधक | गुरुवार, रात्री ८:५०

नाही, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. फरक २४६ किंवा त्याहून कमी, अशा जोड्या अनंत. आता २ पासून २४६ पर्यंतचे सम फरक १२३ आहेत. समजा १२३ डबे मांडले आणि अनंत जोड्या त्यांच्या त्यांच्या फरकाप्रमाणे डब्यांत टाकल्या. प्रत्येक डब्यात मोजक्याच पडल्या तर एकूणही मोजक्याच होतील. म्हणून एका तरी डब्यात अनंत जोड्या असणारच, हे नक्की. तो डबा कोणता, ते कळलेलं नाही. २ चा असेल, ६ चा असेल, २४६ चा असेल.

आणि २४६ वरून २ वर यायला नुसती मेहनत पुरणार नाही. मूळ संख्यांच्या विभागणीबद्दलची एक मोठी अटकळ आहे, इलियट-हाल्बरस्टॅमची. ती तिच्या सगळ्यात ताकदवान रूपात खरी धरली तरी आकडा ६ पर्यंतच येतो. तिथे परत दूरदेशींनी सांगितलेली सम-विषमाची भिंत आहे. ती ओलांडायला नवीनच काहीतरी लागेल.

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:३०

डब्यांचं उदाहरण फार नेमकं. माझ्या हाती वर्ग असता तर उद्या पहिल्या तासाला हेच घेतलं असतं.

रानजाई | शुक्रवार, रात्री १०:२०

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोनदा तीनदा वाचलं आणि जमेल तसं तिला सांगितलं. सगळ्यात जास्त तिला काय लागलं असेल तर कोणालाच माहीत नाही हे. "टीचरला पण नाही? आजोबांना पण नाही? कॉम्प्युटरला पण?" असं एकेकाचं नाव घेऊन विचारून झालं.

आता पुढचं. मंगळवारी ८०० चं पान केलं. मी काहीच बोलले नव्हते. ८०९ ला गोल केला, ८११ ला केला आणि एकदम किंचाळली. मग ८२१-८२३, ८२७-८२९, ८५७-८५९, ८८१-८८३. पाच लाल रेघा. सगळ्या मिळून मोजल्या तर ३४ येत होत्या, रात्रपाळी यांचा आकडा ३५, मग दोघींनी परत पहिल्यापासून बघितलं तर ५२१-५२३ जोडायची राहिली होती. ती जोडली.

बुधवारी ९०० चं पान. ९०७, ९११, ९१९, ९२९... परत अख्खं पान कोरं. मी तिच्याकडे बघत होते. या वेळी ती काही बोलली नाही, पान उलटलं आणि वर १००१ लिहायला लागली. सहा रकाने पाडून. शाळेत सहामाही जवळ आली आहे त्यामुळे खरं तर मी नको म्हणायला हवं होतं, पण नाही म्हटलं.

आज ११०० पर्यंत आली. तिच्या वहीत या आहेत: १०१९-१०२१, १०३१-१०३३, १०४९-१०५१, १०६१-१०६३, १०९१-१०९३. संख्या मोठ्या झाल्यामुळे आता ३१ पर्यंत भागून बघावं लागतं, मला खात्री नाही. कोणी पडताळून द्याल का?

खडूफळा | शनिवार, सकाळी ६:१५

कागदावर पाचही तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत, एकही सुटलेली नाही. १०८७ मूळ आहे, पण तिच्या पुढची १०८९ म्हणजे ३३×३३, ती तिने बरोबर काटलेली दिसते. १,३६८ च्या पुढे गेली की ३१ पर्यंत भागून पुरणार नाही, १,३६९ पासून ३७ ने पण भागून बघावं लागेल, कारण ३७×३७ तेवढे होतात. तिला आत्ताच ३७ चा पाढा लिहून द्या.